घोड्याचा मोडलेला पाय

घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, असे तुम्ही ऐकले असेल. असे का करीत? तुमचा पाय मोडला, तर तुम्ही महिनाभर खाटेवर पडून राहाल. सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याला तसे करता येत नाही. स्वतःच्याच भाराने त्याचे स्नायू दबून निकामी होऊ लागतात. म्हणजे शस्त्रक्रिया झाली, की त्याच दिवशी त्या पायावर उभे राहायचे!

२० मे २००६ रोजी अमेरिकेतील प्रीकनेस शर्यतीत बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाडांचे २० हून अधिक तुकडे झाले. दुसऱ्याच दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी व २७ स्क्रू वापरून पाय जोडला. या पट्टीच्या भोकांनाही आटे असतात. त्यामुळे स्क्रूचे डोके पट्टीतच घट्ट बसते आणि दोन्ही मिळून एकसंध आधार तयार होतो. भूल उतरताना बावरलेला घोडा धडपडतो व जोडलेले हाड पुन्हा मोडू शकते. म्हणून बार्बारोला तराफ्यात ठेवून पाण्याच्या हौदात शुद्धीवर आणले.

हाड सांधत आले. पण सारा भार मागच्या डाव्या पायावर पडला आणि त्याच्या खुरात लॅमिनायटिस हा विकार झाला. यात खूर आतल्या हाडापासून सुटू लागतो. पुढे पुढच्या पायांनाही तेच झाले. अखेर २९ जानेवारी २००७ रोजी बार्बारोला वेदनारहित मरण द्यावे लागले.

पाहा, मोडलेला पाय जोडता आला. वाचवायचे राहिले ते धडधाकट पाय!