कीबोर्डचा गंधार का खटकतो?

कळमन्यात बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न पहाटेपासून सुरू. म्हणून भाचा हेडफोन लावूनच कीबोर्ड शिकतो. परवा त्यानं मोबाइलवर तानपुरा लावला, ‘सा’ जुळवला आणि म्हणाला, “मामा, गंधार खटकून राहिला ना!” कान चांगला आहे पोराचा.

‘सा’ सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. कीबोर्डात मात्र सप्तकाच्या १२ सारख्या पायऱ्या. प्रत्येक पट्टी आधीचीच्या सुमारे १.०५९५ पट. चार पायऱ्या चढलात की ३०२.४. गळ्यातला ३०० आणि हा एकत्र आले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे जाणवतात. पंचमात फरक जवळजवळ नाहीच.

दुखणं जुनंच, पेटीच्या काळातलं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरेक वर्षांपूर्वी त्यासाठी श्रुतींची खास पेटी घडवून घेतली होती. आता काही कीबोर्डांत ‘स्केल ट्यूनिंग’ असतं. तिथं गंधार १४ सेंट उतरवायचा. सेंट म्हणजे एका पायरीचा शंभरावा भाग. भाच्यानं उतरवला. लगेच धैवताकडे बोट दाखवलं. तो १६ सेंट चढा असतो!