कुत्र्याला अंगरखा हवा का?

सुट्टीच्या दिवसांत अलिबाग, नागाव, काशीद किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर फेरफटका मारलात, तर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांबरोबर आलेली त्यांची कुत्रीही तुम्हाला दिसतील. त्यांतल्या काहींच्या अंगात रंगीत बंडी असते, काहींच्या जाकीट, तर एखाद्याच्या पायांत चक्क बूटही असतात. आता हा थाट पाहुण्यांपुरता राहिलेला नाही. आपल्याकडेही घरच्या कुत्र्याला सणासुदीला सदरा शिवणारे हौशी लोक आहेत. हौसेला मोल नसते, हे खरे. पण तो सदरा ज्याच्या अंगावर चढतो त्याला तो मानवतो की नाही, हे कोणी विचारायचे? शाळेच्या पुस्तकातले वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन हे चार शब्द तुम्हाला ठाऊक असतील, तर या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः शोधू शकाल.

जन्मजात कपडा

कुत्र्याच्या अंगावरची लव हाच त्याचा कपडा. पुष्कळ जातींत ती दुहेरी असते. वर लांब, राठ केस आणि त्यांच्याखाली मऊ, दाट, कापसासारखी लव. या केसांमध्ये हवेचे असंख्य लहान कप्पे अडकून बसतात. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंदवाहक आहे. पाणी तिच्या वीसपटींहून अधिक चांगले उष्णता वाहून नेते. गोधडी आपल्याला ऊब देते ती कापडामुळे कमी आणि कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे जास्त. कुत्र्याच्या लवेचेही तसेच आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. उष्णतारोधक थर दोन्ही बाजूंनी काम करतो. थर्मासमध्ये चहा गरम राहतो आणि सरबत गार राहते. त्याप्रमाणे लव थंडीत शरीराची ऊब राखते आणि उन्हात बाहेरची उष्णता कातडीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून ‘उन्हाळा आला, कुत्र्याचे केस पार कातरून टाकू’ हा विचार वरवर सोपा वाटला तरी दुहेरी लवेच्या कुत्र्याच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. केस गेले की ऊन थेट कातडीवर पडते, आणि ती कातडी भाजते.

घाम न येणारा प्राणी

आपल्याला उकडले की सर्वांगाला घाम येतो. घामाचे बाष्पीभवन होताना तो शरीरातली उष्णता घेऊन जातो. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. हा तो अप्रकट उष्मा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीला. त्याने काय होणार? त्यामुळे कुत्रा बाष्पीभवनाचे काम नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओल्या पृष्ठभागावर करून घेतो. यालाच आपण धापा टाकणे म्हणतो.

या धापा टाकण्यात केवढे शास्त्र भरले आहे! स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेतो. धापा टाकताना हीच संख्या तीनशेच्या वर जाते. एवढी मेहनत केल्यावर स्नायूंतच नवी उष्णता निर्माण होऊन सगळे मुसळ केरात जायला हवे. तसे का होत नाही? १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने मोजमाप करून दाखवले, की कुत्र्याच्या श्वसनसंस्थेची स्वतःची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला पाचाच्या आसपास असते, आणि कुत्रा नेमका त्याच गतीने धापा टाकतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा झोका दिला तरी तो उंच जातो, तसाच हा प्रकार. पदार्थविज्ञानात याला अनुस्पंदन म्हणतात. पुढे १९७० साली श्मिट-नील्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की धापा टाकणारा कुत्रा बहुतांश हवा नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. त्यामुळे तीच उष्णता परत नाकात जिरत नाही.

म्हणजे कुत्र्याचे नाक हे त्याचे शीतयंत्र आहे. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत हे यंत्रच आखूड पडते. ब्रिटनमधील कुत्र्यांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम लांबीच्या तोंडाच्या कुत्र्यांच्या तुलनेत चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उष्माघात होण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. ब्रिटनच्या गार हवेत ही स्थिती, तर आपल्याकडे काय?

किनाऱ्याची हवा

येथे रायगडच्या किनाऱ्याचा प्रश्न येतो. ‘आमच्याकडे विदर्भासारखा उन्हाळा नसतो’ असे आपण अभिमानाने सांगतो. पारा तसेच म्हणतो. पण कुत्र्याच्या जिभेला विचारले तर? जरा हिशेब मांडू.

३८ अंश सेल्सिअसला बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ४६ ग्रॅम बाष्प मावते. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा जास्तीत जास्त एवढे बाष्प नेऊ शकेल असे धरू. मे महिन्यात किनाऱ्यावर तापमान ३३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर आत घेतलेल्या घनमीटरभर हवेत आधीच २५ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे तेवढी हवा नाका-तोंडातून खेळवून कुत्र्याला फक्त २१ ग्रॅम पाणी उडवता येते. नागपुरात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत सुमारे १० ग्रॅमच बाष्प असते. तिथे ३६ ग्रॅम पाणी उडते. अर्थात नागपूरचे ऊन सौम्य आहे असा याचा अर्थ नव्हे. तिथली हवा अंगापेक्षा गरम असल्याने उलट उष्णता आत येते. परंतु धापांपुरते बोलायचे तर किनाऱ्यावरच्या कुत्र्याचे शीतयंत्र जवळजवळ निम्म्या ताकदीने चालते, हे या आकड्यांवरून उघड आहे.

धापा अशा अपुऱ्या पडत असताना उरलेली उष्णता बाहेर टाकायचा मार्ग म्हणजे अंगावरून जाणारा वारा आणि पोटाखालची गार जमीन. दुपारी पडवीतल्या थंड लादीवर पोट टेकून, पाय पसरून पडलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. पोटावरची लव विरळ असते. तेथून वहनाने उष्णता लादीत जाते. आता त्याच पोटाभोवती सदरा गुंडाळला, तर वाऱ्याचा मार्ग बंद, लादीचा मार्गही बंद, आणि कापड व लव यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर तयार! सदरा गडद रंगाचा असेल तर तो उन्हातले प्रारणही अधिक शोषून घेणार. ओले करून घालायची ‘थंडावा देणारी’ जाकिटेही मिळतात. कोरड्या हवेत ती उपयोगी पडतात. दमट हवेत मात्र त्यांतले पाणी उडत नाही. ते कोमट होते, आणि जाकीट म्हणजे ओली गोधडी होऊन बसते.

मग कपडा कधीच नको काय? तसेही नाही. महाबळेश्वरच्या पहाटेच्या थंडीत आखूड केसांच्या, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला बंडी खरोखर उपयोगाची आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणूनही कापड बांधतात. पावसाळ्यात थोडा वेळ फिरवून आणण्यापुरता सैल रेनकोट चालेल; घरी येताच तो काढावा. पण किनाऱ्यावर थंडीतही बहुतेक दिवस किमान तापमान १५ अंशांच्या वरच असते. तिथे निरोगी कुत्र्याला स्वेटर घालणे म्हणजे मे महिन्यात आपण घोंगडी पांघरणे.

खरी निगा

जन्मजात कपडा चांगला ठेवणे, हीच कुत्र्याची खरी सजावट. त्यासाठी पहिले साधन कंगवा. गळालेली लव आतच राहिली तर तिचा नमद्यासारखा गोळा होतो. हवा खेळत नाही आणि आत ओल धरते. विंचरल्याने ती निघून जाते. दुसरे साधन कोरडे फडके. भिजलेला कुत्रा अंग झटकतो, ते उगीच नव्हे. अमेरिकेतील डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मोजले, तेव्हा लॅब्रेडोर सेकंदाला चार-पाच वेळा, तर उंदीर सुमारे तीस वेळा अंग झटकतो असे दिसले. प्राणी जितका लहान, तितके पाणी फेकून देण्यासाठी जलद हेलकावे हवेत. पण झटकूनही खालच्या लवेत पाणी उरतेच. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते आपोआप वाळत नाही, आणि तेथे बुरशी व खरूज यांना आयते घर मिळते. म्हणून पुसणे अगत्याचे.

समुद्रात डुंबून आलेल्या कुत्र्याला गोड्या पाण्याने धुवावे. त्याला समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले ते पाणी परासरणामुळे शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. किनाऱ्यावर जाताना बाटलीभर पिण्याचे पाणी त्याच्यासाठीही न्यावे. आपला अंगाचा साबण त्याला वापरू नये. त्याच्या त्वचेचा सामू आपल्या त्वचेपेक्षा वेगळा, उदासीनतेच्या जवळचा असतो.

गोचिडीकडे विशेष लक्ष हवे. कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपून पाहाव्यात. तिच्यामुळे कुत्र्याला रक्ताचे गंभीर आजार होतात. एक मादी हजारांवर अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटींत. म्हणून कुत्र्याइतकीच त्याची बसायची जागाही साफ करावी. रॉकेल चोळण्याचा घरगुती उपाय घातक आहे. कातडी पोळते, आणि चाटल्याने रॉकेल पोटात जाते.

मांजराचे काय? तिची जीभ हाच तिचा कंगवा. नोएल आणि हू यांनी २०१८ साली दाखवले, की मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोके पोकळ, पन्हाळीसारखी असतात. केशाकर्षणाने त्यांत लाळ चढते आणि थेट कातडीपर्यंत पोचते. तिचे बाष्पीभवन होऊन मांजर गार होते. मांजराला कपडा घातला की ती जीभच निकामी झाली. निरोगी मांजराला एरवी आंघोळीचीही गरज नसते. मात्र दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. कुत्र्याच्या गोचिडीसाठी मिळणारे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला विषासारखे आहे, आणि पॅरासिटॅमॉलची एक गोळीदेखील तिचा जीव घेऊ शकते.

कपड्यावर खर्च करण्यापूर्वी रेबीजच्या लशीचा खर्च झाला आहे ना, हे पाहावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा. ही लस कुत्र्याइतकीच घरातल्या माणसांचीही राखण करते. कुत्रे चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

जीव वाचवणारा हिशेब

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघात. थांबता न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, गडद लाल जीभ आणि लटपटणारे पाय ही त्याची चिन्हे. बंद मोटारीत हे फार लवकर घडते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उन्हातल्या मोटारीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही.

अशा वेळी काय करावे? २० किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान ४२ वरून ४० वर आणायचे, तर सुमारे ३२ किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. विहिरीचे २८ अंशांचे पाणी अंगावरून वाहताना ३३ अंशांपर्यंत तापले, तर प्रत्येक लिटर ५ किलोकॅलरी नेईल. म्हणजे साडेसहा लिटर पाणी लागले. काही पाणी नुसतेच ओघळून जाते, म्हणून दोन-तीन बादल्या धरा. सावलीत नेऊन, केसांच्या मुळांशी पोचेल असे पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल पांघरू नये. तोही थोड्या वेळात सदराच होतो! आधी गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले मलमलीचे फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत टांगून पंख्याने वारा घाला. थोड्या वेळाने दोहोंच्या तापमानांतला फरक लिहून ठेवा. वरच्या उदाहरणातल्या किनाऱ्यावर हा फरक जेमतेम ५ अंशांचा, तर नागपुरात तो १८ अंशांच्या आसपास येईल. ओले फडके म्हणजे कुत्र्याची जीभच समजा. एप्रिलपासून जूनपर्यंत रोज दुपारी दोन वाजता ही नोंद ठेवा. ज्या दिवशी फरक सर्वांत कमी भरेल, त्या दिवशी घरच्या कुत्र्याला दुपारी बाहेर नेऊ नका, पाण्याचे भांडे भरून ठेवा, आणि पडवीतली ती लादी त्याच्यासाठी मोकळी सोडा.