घरच्या गॅरेजमध्ये सदतीस इंची टायर

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत जीप आणि पिकअप ट्रक घेऊन दगडधोंड्यांत शिरणाऱ्या हौशी लोकांची संख्या मोठी आहे. यूटाहमधलं मोआब आणि कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल ही त्यांची लाडकी ठिकाणं. गाडीसोबत आलेली चाकं काढून पस्तीस, सदतीस, चाळीस इंची टायर घालायचे, हा तिथला रिवाज. अशा धुडांना बरीच दुकानं हात लावत नाहीत, म्हणून लोक ते घरीच चढवतात. त्यांनी ते जरूर करावं, असं माझं मत आहे. खडकांवर पकड मिळावी म्हणून टायरमधली हवा 10-12 पीएसआयपर्यंत उतरवली की तो कधी ना कधी रिमवरून सुटतोच, आणि तिथे पंक्चरचं दुकान नसतं. घरी हात बसलेला असला, तर रानात निभावतं. मात्र या कामात माणसं घाबरतात ती टायरच्या वजनाला. खरं तर जपून राहायला हवं हवेच्या दाबाशी आणि चाकाच्या वेगाशी.

टायर चढवण्याचा भाग दिसतो तितका अवघड नाही. 37x12.50 आर 17 मापाचा टायर, म्हणजे सदतीस इंच उंच, साडेबारा इंच रुंद आणि सतरा इंची रिमचा, साधारण तीस-पस्तीस किलो भरतो. त्याची आतली कड, जिला बीड म्हणतात, पोलादी तारांच्या वेढ्याची असते आणि ती ताणली जात नाही. मग रिमच्या उंच काठावरून ती आत जाते कशी? रिमच्या पोटात एक खोलगट पन्हळ असते. बीडची एक बाजू गुडघ्याने दाबून त्या पन्हळीत बसवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि लिव्हरने ती काठावरून आत घेता येते. पन्हळ रिमच्या एका तोंडाला जवळ असते, टायर त्याच तोंडाने चढवायचा. साबणाचं पाणी सढळ हाताने लावायचं. लिव्हरला फार जोर लागत असेल, तर समोरची बाजू पन्हळीतून वर आली आहे असं समजून थांबायचं. आपल्या महामार्गावरचा पंक्चरवाला ट्रकचा टायर लिव्हर आणि घणावर उतरवतो, त्यातही ताकदीपेक्षा हीच समज जास्त असते.

खरा धोका हवा भरताना असतो. सतरा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 227 चौरस इंच. 40 पीएसआय दाबाला त्यावर येणारा जोर चार टनांहून अधिक होतो. बीड तुटली तर तो सगळा जोर शेजारी वाकलेल्या माणसाच्या अंगावर येतो. म्हणूनच बीड बसवताना 40 पीएसआयच्या पुढे जायचं नाही, असं टायर उत्पादक बजावून सांगतात. तेवढ्यात बीड बसली नाही, तर हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, माप तपासायचं. माप तपासण्याला विशेष कारण आहे. अमेरिकेत सोळा आणि साडेसोळा इंची अशी दोन्ही रिम चालत आली. लष्कराच्या हमव्हीची चाकं साडेसोळा इंची. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढतो, पण नीट बसत मात्र नाही. बसवण्यासाठी हवा वाढवत गेलेल्या माणसांचे यात जीव गेले आहेत. टायरमध्ये ईथरचा फवारा मारून काडी लावण्याची युक्तीही मला याच कारणाने मान्य नाही. आइसलंडच्या हिमनद्यांवर ती अडल्या वेळी वापरतात, पण त्या स्फोटात दाब किती चढेल हे कुणाच्याच हातात नसतं. घरी टायरभोवती पट्टा आवळला, वॉल्व्हची पिन काढली आणि टाकीतली हवा झटक्यात सोडली, तर बहुतेक वेळा काम होतं.

आता बॅलन्सिंग. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर 100 ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी 100 किमी वेगाला ते सुमारे 16-17 किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतं, तेही सेकंदाला नऊ-दहा वेळा. ताशी 15 किमीला तोच जोर 400 ग्रॅमही भरत नाही, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ट्रेलरवर लादून नेलेल्या आणि फक्त खडकांत रांगणाऱ्या गाडीला त्यामुळे बॅलन्सिंगवाचून काही अडत नाही. महामार्गावरून जाणाऱ्या गाडीला मात्र ते हवंच. त्यात पुन्हा वजनं लावायची रिमच्या काठाला, म्हणजे मध्यापासून साडेआठ इंचांवर, आणि दोष साडेअठरा इंचांवर. बाहेरचे 100 ग्रॅम फेडायला आत सव्वादोनशेच्या आसपास शिसं लागतं. घरी मोकळ्या फिरणाऱ्या हबवर चाक लावलं की जड बाजू खाली येते. वर वजन लावायचं, तेही अर्धं आतल्या काठाला आणि अर्धं बाहेरच्या. साडेबारा इंच रुंदीत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक मात्र असा कळत नाही. तो फिरत्या यंत्रावरच कळतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो: टायरमध्ये प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बारीक गोळ्या टाकल्या की त्या आपोआप जड बाजूच्या समोर जमतात, मग यंत्र कशाला? तत्त्व खोटं नाही. पण फिरण्याची गती चाकाच्या स्वतःच्या कंपनापेक्षा पुरेशी जास्त असेल, तेव्हाच गोळ्या योग्य जागी जातात. कमी असेल तर त्या उलट जड बाजूकडे सरकतात. मोठं चाक महामार्गावरही सावकाशच फिरतं, आणि त्याच्या उड्यांचं कंपनही साधारण तेवढ्याच गतीचं असतं. त्यामुळे एका गाडीत गोळ्या उत्तम चालतात, दुसरीत नाहीत, यात मला नवल वाटत नाही. आत ओल असली की त्या चिकटून एकीकडे बसतात, हे वेगळंच.

अखंड पुढचा ॲक्सल असलेल्या जीपचं स्टीअरिंग कधी कधी भयानक थरथरू लागतं, त्याचं खापरही बॅलन्सिंगवर फुटतं. असंतुलन ठिणगी देतं हे खरं. मूळ कारण बहुधा स्टीअरिंगच्या आणि ॲक्सलच्या झिजलेल्या सांध्यांत सापडतं, ते आधी बघावं.

गोळ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कमी हवेवर जोर लावला की टायर रिमवर थोडा सरकतो. मग वजनं रिमवर जागच्या जागी राहतात, जड बाजू पुढे जाते आणि दुकानात केलेलं उत्तम बॅलन्सिंगही बिघडतं. सुट्या गोळ्यांना ही अडचण येत नाही. म्हणून टायर आणि रिम दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ मारून ठेवावी. फेरीहून परतल्यावर ती तुटलेली दिसली, तर त्या चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करावं.