एकच फसवणूक, दोन न्यायालये

अमेरिकेत काही वर्षे सरकारी वकील म्हणून फौजदारी खटले चालवून पुढे विमा कंपन्यांच्या वतीने फसवणुकीचे दिवाणी दावे लढवणाऱ्या वकिलांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झालेला आहे, आणि त्यांच्या कामाचे स्वरूप न्यू जर्सी राज्याच्या उदाहरणातून विशेष स्पष्ट होते. तेथे १९७३ पासून वाहनविम्यात ‘नो-फॉल्ट’ पद्धत लागू आहे. म्हणजे अपघातात चूक कोणाची हे ठरण्याची वाट न पाहता जखमी माणसाच्या उपचारांचा खर्च सामान्यतः त्याच्याच विमा कंपनीने द्यायचा असतो. जखमीला पैशांसाठी तिष्ठत राहावे लागू नये हा हेतू रास्तच होता, परंतु बिल सादर केले की रक्कम मिळते, ही खात्री लबाडांनाही वाटू लागली. १९९३ मध्ये राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी बसचे किरकोळ अपघात मुद्दाम घडवून आणले आणि छुप्या कॅमेऱ्यांनी त्यांचे चित्रीकरण केले, तेव्हा धडक होऊन गेल्यावर रस्त्यावरची माणसे घाईघाईने बसमध्ये चढताना दिसली आणि पुढे दुखापतींचे विमादावेही दाखल झाले.

या फसवणुकीचा भार अखेर प्रामाणिक वाहनधारकांच्या हप्त्यांवर पडतो, आणि नव्वदच्या दशकात न्यू जर्सीतील हप्ते देशातील सर्वाधिक हप्त्यांत गणले जात होते. त्यामुळे १९९८ च्या कायद्याने राज्याच्या महाधिवक्त्यांच्या विभागात विमा-फसवणूक अभियोक्त्याचे स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. पाठोपाठ ‘रनर’ म्हणजे डॉक्टर किंवा वकिलाकडून पैसे घेऊन अपघातग्रस्तांना त्यांच्याकडे आणणारा मध्यस्थ, याचे काम गुन्हा ठरले, आणि २००३ मध्ये विमा-फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेत समाविष्ट झाला. भारतात मात्र असे गुन्हे फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली, बनावट दस्तऐवजांच्या कलमांची जोड देऊन नोंदवले जातात.

न्यू जर्सीचे खरे वैशिष्ट्य १९८३ च्या विमा-फसवणूक प्रतिबंधक कायद्यात आहे, कारण या कायद्याने फसवल्या गेलेल्या विमा कंपनीलाच दिवाणी दावा लावण्याचा अधिकार दिला असून, नुकसानीबरोबर तपासाचा व वकिलाचा खर्च आणि परस्परसंबंधित पाच किंवा अधिक उल्लंघने सिद्ध झाल्यास तिप्पट भरपाई मागण्याची मुभाही दिली आहे. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र एखादी गोष्ट न घडण्यापेक्षा घडली असण्याची शक्यता अधिक, एवढे दाखवले तरी पुरते, आणि या कायद्याखालील दाव्यांनाही हाच सौम्य निकष लागू होतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लिबर्टी म्युच्युअल विरुद्ध लँड या प्रकरणात ठरवले. म्हणजेच जी फसवणूक फौजदारी न्यायालयात पुराव्याअभावी सुटली असती, ती त्याच कागदपत्रांच्या आधारे दिवाणी न्यायालयात सिद्ध होऊ शकते, आणि माजी अभियोक्त्याच्या अनुभवाला येथेच मोल येते.

ही कागदपत्रे कशी वाचावी लागतात, हे ऑलस्टेट विरुद्ध नॉर्थफील्ड मेडिकल सेंटर या प्रकरणात दिसते. उपचारांचे निर्णय पूर्ण वैद्यकीय परवाना असलेल्याच्या हाती राहावेत म्हणून तेथे कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्या व्यावसायिकाला, डॉक्टरांचा दवाखाना स्वतःच्या ताब्यात ठेवता येत नाही. या प्रकरणातील रचनेत मालक म्हणून डॉक्टरचे नाव होते, पण त्या डॉक्टरकडून तारीख न घातलेला राजीनामा आधीच लिहून घेतला जाई. कागदावर मालक असलेल्या माणसाला हवे तेव्हा दूर करण्याची ही सोय कोणत्याही एका बिलात दिसली नसती; ती दवाखान्याच्या कराराच्या फायलीतच सापडते. ही रचना सुचवून तिचा प्रसार करणाऱ्या वकिलाला आणि कायरोप्रॅक्टरला कनिष्ठ न्यायालयाने जबाबदार धरले, अपिलात तो निर्णय फिरला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल कायम केला. फसवणुकीचा आराखडा पुरवणाराही तिच्यातून सुटत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आणि ते सर्वथा योग्य आहे.

मात्र सौम्य निकष आणि तिप्पट भरपाई ही दोन शस्त्रे खासगी कंपनीच्या हाती एकत्र आली की निव्वळ निष्काळजी बिलालाही फसवणूक म्हणण्याचा मोह होऊ शकतो, आणि ज्या डॉक्टरवर किंवा रुग्णावर तो शिक्का बसतो त्याची अब्रू पणाला लागते. म्हणून दिवाणी दाव्यात गैरवाजवी फायदा मिळवण्यासाठी फौजदारी कारवाईची धमकी देण्यास वकिलांच्या आचारनियमांनी केलेली मनाई, तसेच सरकारी सेवेत ज्या प्रकरणात प्रत्यक्ष व महत्त्वाचा सहभाग होता तेच प्रकरण पुढे खासगी पक्षकारासाठी चालवण्यास असलेली बंदी, या गोष्टी माजी अभियोक्त्याच्या बाबतीत विशेष कसोशीने पाळल्या जाणे आवश्यक आहे. २०१५ च्या ऑलस्टेट विरुद्ध लाहारा निर्णयाने अशा दाव्यांतील प्रतिवादींना ज्यूरीपुढे सुनावणी मागण्याचा हक्क मिळाला, हे संरक्षण त्या दृष्टीने मोलाचे आहे. तथापि तेथील फौजदारी खटल्यात बाराही ज्यूरी-सदस्यांचे एकमत लागते, तर दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचे मत पुरेसे ठरते.