दोन इन्व्हर्टर जोडले म्हणजे वीज दुप्पट होत नाही

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात गडावर जाणाऱ्यांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय गावातल्या घरांतून होते. पाहुणे वाढले की फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार एकदमच चालू होते आणि सोलरचा एकुलता इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. मग सल्ला मिळतो, ‘अजून एक आणा, दोघांच्या आउटपुटच्या वायरी एकत्र करा.’

हा सल्ला घातक आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा चढते-उतरते. दोन इन्व्हर्टरचा हा चढउतार क्षणाक्षणाला जुळला नाही, तर एकाची वीज दुसऱ्यात घुसते आणि आतले ट्रान्झिस्टर जळतात. दोन्हीकडे मीटरवर २३० व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. चढउतार जुळलाय का, हे साध्या मीटरला कळत नाही. पॅरलल जोडणीसाठीच बनवलेले, सहसा एकाच मॉडेलचे इन्व्हर्टर कंपनीच्या कम्युनिकेशन केबलने जोडावे लागतात.

नीट जोडले तरी वाढते ती भार उचलण्याची ताकद. ५ किलोवॅटचे दोन मिळून १० किलोवॅट उचलतील, पण बॅटरी तीच असेल तर पूर्ण भारावर ती निम्म्या वेळात संपेल. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तेव्हा २०० अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. त्यासाठी जाड केबल आणि योग्य फ्यूज हवेतच, शिवाय दोन्ही इन्व्हर्टरच्या केबलची लांबी सारखी हवी. रिकामा चालतानाही एखादा इन्व्हर्टर ५० वॅट खात असेल, तर दिवसाला जवळपास सव्वा युनिट तिथेच जाते. गुंजवण्याच्या आषाढ-श्रावणातल्या ढगांत हे फार जाणवते.

पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून छपरांवर बसत असलेल्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. ते महावितरणच्या विजेशी स्वतःच जुळवून घेतात, म्हणून एका घरात दोनही चालतात. मात्र लाइट गेली की तेही थांबतात आणि थांबलेच पाहिजेत, कारण खांबावर वायरमन चढलेला असू शकतो.

दुसरा इन्व्हर्टर घेण्याआधी मोटारीकडे बघा. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एक एचपीची मोटारही त्या क्षणी चार-साडेचार किलोवॅटच्या घरात जाते. मिक्सर बंद ठेवून भर दुपारी टाकी भरली, तर बऱ्याच घरांत आहे तोच इन्व्हर्टर पुरतो.