कॅमेरा बदलण्यापूर्वी

तुळशीची लग्ने आटोपली की सीमाभागातील छायाचित्रकारांना उसंत मिळत नाही. दूधगंगेच्या काठचे सदलगा घ्या, निपाणी घ्या, किंवा चिकोडीच्या आसपासचे कोणतेही मोठे गाव घ्या. लग्ने, बारशी, वास्तुशांती, जैन समाजाचे पंचकल्याणक महोत्सव या साऱ्यांची आठवण जतन करण्याचे काम गावातल्याच एखाद्या छोट्या स्टुडिओकडे असते. हौसेचे फोटो मोबाइलने केव्हाच हिरावून नेले. उरले ते समारंभांचे काम, आणि तेथेही यजमानाच्या खिशातला मोबाइल छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याशी स्पर्धा करायला टपलेलाच असतो. अशा वेळी आठ-दहा वर्षे वापरलेला कॅमेरा बदलावा असे या व्यावसायिकाला वाटले तर नवल नाही. प्रश्न आहे तो कोणता घ्यावा आणि कसा घ्यावा याचा. साठवलेली पुंजी आणि उसनवार यांतून होणारी ही खरेदी फसली, तर तिचा भार पुढचे कित्येक हंगाम वाहावा लागतो.

मराठी माणसापुढे हा प्रश्न आजच उभा राहिला आहे असे नाही. मुंबईत फोटोचा धंदा करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून लंडन गाठले. पण पैसे हाती आले म्हणून ते थेट दुकानात गेले नाहीत. ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांचा सल्ला त्यांनी घेतला, हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परतले. नंतर मटाराच्या रोपाच्या वाढीची छोटीशी फिल्म तयार करून त्यांनी भांडवलदारांची खात्री पटवली. सदलग्याहून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर विलायती कॅमेऱ्याची वाट न पाहता दामले यांच्या मदतीने १९१८ साली स्वतःच कॅमेरा घडवला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. या तिघांचे मार्ग वेगळे असले, तरी आपल्याला कोणते काम करायचे आहे हे तिघांच्याही मनात आधी पक्के होते. यंत्राचा विचार त्यानंतर आला.

आज नेमके उलट होताना दिसते. नवे मॉडेल निघाले की जुने एकाएकी निरुपयोगी वाटू लागते. वस्तुतः खरेदीला निघण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आजच्या कॅमेऱ्याने माझे कोणते काम अडते? फोटो मोठा छापता येत नाही, ही तक्रार बहुधा खरी नसते. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात ६००० गुणिले ४००० बिंदू असतात. लग्नाच्या अल्बमचे पान १८ बाय १२ इंचांचे धरले, तर दर इंचाला ३३३ बिंदू मिळतात, आणि उत्तम छपाईला ३०० पुरेत. खरी अडचण असते ती उजेडाची. मंगल कार्यालयातील मंद प्रकाशात कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी झूम लेन्स तोकडी पडते. झूम पुरती ताणली की तिचे अपर्चर ५.६ वर येते. तिच्याऐवजी १.८ अपर्चरची पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली तर नऊपटींहून अधिक उजेड आत येतो, आणि ही लेन्स नव्या कॅमेऱ्याच्या मानाने पुष्कळच स्वस्त असते. तिच्या जोडीला एक चांगला फ्लॅश घेतला, तर अनेकांची गरज तेवढ्यावरच भागेल.

मात्र काही अडचणी लेन्सने सुटत नाहीत. लग्न पुन्हा लागत नाही. त्यामुळे एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवण्याची सोय नसलेला कॅमेरा धंद्याच्या दृष्टीने धोक्याचाच. धावत्या वरातीत फोकस चुकत असेल, किंवा व्हिडिओचे काम वाढले असेल, तरीही बॉडी बदलणे समर्थनीय ठरते. परंतु तेथे जुन्या लेन्सचा हिशेब आधी मांडावा. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बसवण्याची नवी रचना आणली. जुन्या लेन्स त्यांवर अडॅप्टर लावून बहुतांशी चालतात. पण आत मोटर नसलेल्या निकॉनच्या जुन्या लेन्स कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर आपोआप फोकस करीत नाहीत. बॉडी परवडली आणि लेन्सचा सारा संच नव्याने घ्यावा लागला, तर ती काटकसर कसली?

पुंजी थोडी असेल तर जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त बैल घेताना दात पाहावेत तसे शटर पाहावे. मध्यम श्रेणीतील बहुतेक बॉडींचे शटर एक ते दोन लाख उघडझापांच्या हिशेबाने बनवलेले असते. एका लग्नात तीन हजार फोटो धरले, तर चाळीस लग्नांत एक लाख वीस हजार झाले. बाहेरून चकचकीत दिसणारा कॅमेरा आतून उतारवयाचा असू शकतो. निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्ये हा आकडा वाचता येतो. कॅननच्या अनेक मॉडेलांत तो फोटोत नोंदला जात नाही, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावा. पांढऱ्या भिंतीचा फोटो १६ अपर्चरवर काढला की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. लेन्समधून विजेरीचा झोत सोडून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. समुद्रकाठच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सबाबत ही परीक्षा टाळूच नये. मूळ बिल मागावे, त्यावरचा क्रमांक बॉडीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन सही केलेली पावती करावी. चोरीचा माल निघाला तर पैसा आणि कॅमेरा दोन्ही जातात.

माल न पाहता विसार पाठवणे म्हणजे तर फसवणुकीला आमंत्रणच होय. सैन्यात असल्याचे आणि तातडीने बदली झाल्याचे सांगून स्वस्तात वस्तू देऊ करणारे भामटे आता देशभर परिचित आहेत. मोबाइलवरून पैसे स्वीकारताना पिन कधीच द्यावा लागत नाही. तो लागतो फक्त पैसे देताना. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळेल. तरीही फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवावे.

नवा कॅमेरा घेणाऱ्यासमोर वेगळा मोह असतो. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू-सेवा कर जानेवारी २०१९ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण तेवढेही वाचवावेत म्हणून कच्च्या बिलावर, किंवा आडमार्गाने आयात झालेला माल घेणारे काही थोडे नाहीत. अशा मालाला कंपनीची भारतातील वॉरंटी बहुधा लागू होत नाही. पहिल्याच हंगामात बिघाड झाला, तर वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात आणि हातात दाद मागण्यापुरता कागदही उरत नाही.

सीमाभागाच्या दृष्टीने या कागदाला विशेष मोल आहे. सदलग्याचा ग्राहक कर्नाटकात राहतो आणि खरेदी बहुधा कोल्हापूर-इचलकरंजीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजारात करतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सामान्यतः विक्रेत्याचे ठिकाण असेल किंवा व्यवहार घडला असेल तेथेच तक्रार करावी लागे. सुनावणीच्या प्रत्येक तारखेला दुकान बंद ठेवून परराज्यात खेटे घालण्यापेक्षा माणूस गप्प बसणेच पसंत करी. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने हे बदलले. ग्राहक जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. म्हणजेच कोल्हापुरात घेतलेल्या कॅमेऱ्याची तक्रार बेळगावात करता येते. धंद्यासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही असे सांगून कोणी वाटेला लावू पाहील; पण केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण हे सारे पक्क्या बिलावर उभे आहे. शिवाय घरातल्या कपाटातून जुना कॅमेरा विकणारी खासगी व्यक्ती ही व्यापारी नसल्यामुळे तेथे हा कायदा सहसा उपयोगी पडत नाही. तेथे आपली परीक्षा हेच आपले रक्षण.

खरेदीनंतरची काळजीही याच हिशेबात धरली पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी चिकोडी तालुक्याच्या नदीकाठची काय अवस्था केली हे विसरण्याजोगे नाही. हवाबंद डबा, त्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटे आणि साहित्याचा विमा यांवरचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच मोजावा.

कोल्हापूर, इचलकरंजी आणि बेळगाव येथील व्यापाऱ्यांनीही आपला गिऱ्हाईक सीमेपलीकडचा असला तरी परका नाही हे ओळखावे, आणि न मागता पक्के बिल व वॉरंटीचे कागद त्याच्या हाती ठेवावेत. छोट्या गावच्या छायाचित्रकारांनी एकमेकांकडे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता, नवी बॉडी घेण्यापूर्वी ती शेजारच्या गावच्या सहव्यावसायिकाकडून एका समारंभापुरती भाड्याने मागून पाहावी. दिवसाच्या भाड्यात लाखाची चूक टळत असेल, तर तो व्यवहार दोघांच्याही फायद्याचाच आहे.