खरं घड्याळ विकलं, मनगटावर फर्स्ट कॉपी घातली. यात गुन्हा नेमका कुठे सुरू होतो?

भंडारा जिल्ह्यातलं जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. समजा, इथल्या एका क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाकडे आजोबांचं ओमेगा घड्याळ आहे. आजोबांच्या भावाने दुबईहून आणून दिलेलं. आता आजी-आजोबा दोघंही नाहीत आणि घड्याळ निर्माणीत नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाच्या कपाटात आहे. त्याच्या मुलीला नागपुरात कॉलेजला प्रवेश मिळालाय, फी भरायची आहे. नागपूरचा एक व्यापारी घड्याळाचे ३ लाख रुपये द्यायला तयार आहे.

अडचण एकच. दिवाळीत धाकटा भाऊ आणि बहीण घरी येणार आणि विचारणार, "बाबांचं घड्याळ कुठंय?"

मग डोक्यात येतं की ऑनलाइन चार-पाच हजारांत तशीच दिसणारी फर्स्ट कॉपी मिळते. ती मागवायची, जुन्या डबीत ठेवायची, सणासुदीला मनगटावर घालायची. फीचंही काम होईल, कुणाला कळणारही नाही.

हे कुटुंब काल्पनिक आहे. पण रोलेक्स, ओमेगा, टॅग ह्युअर अशी महागडी घड्याळं विकून त्याजागी नक्कल घालण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. कुणाला पैशांची गरज असते, तर कुणाला प्रवासात चोरीची भीती. मग हे कायद्यात बसतं का?

थोडक्यात उत्तर काय?

स्वतःच्या मालकीचं घड्याळ विकणं हा गुन्हा नाही. भारतात फक्त नकली घड्याळ मनगटावर घातलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. गडबड या दोन गोष्टींच्या मध्ये होते. घड्याळ खरंच एकट्याच्या मालकीचं होतं का आणि नक्कल नेमकी कुणापासून लपवली, या दोन प्रश्नांवर सगळं ठरतं.

पहिला प्रश्न, घड्याळ कुणाचं?

आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्यांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. मालमत्ता म्हणजे फक्त शेत आणि घर नाही. घड्याळही त्यातच आलं. म्हणजे ते थोरल्या मुलाच्या कपाटात असलं, तरी त्यात धाकट्या भावाचा आणि बहिणीचाही हिस्सा आहे.

याबद्दल १८६० च्या भारतीय दंड संहितेत एक भारी उदाहरण दिलं होतं. अ आणि ब हे दोघं एका घोड्याचे मालक आहेत. अ ने तो घोडा वापरायला नेला, तर गुन्हा नाही, कारण वापरण्याचा हक्क त्याला आहे. पण अ ने घोडा विकून सगळे पैसे स्वतःच ठेवले, तर तो अपहार.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण घोड्याचं उदाहरण तिथेही कायम आहे. कलम ३१४ नुसार अशा अपहाराला किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. घोड्याच्या जागी घड्याळ ठेवलं की जवाहरनगरचं प्रकरण तयार. इथे बेइमानीचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि डबीत मुद्दाम ठेवलेली नक्कल हाच त्या हेतूचा पुरावा ठरू शकते.

आजोबांनी हयात असताना घड्याळ थोरल्याला भेट दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग ते त्याचंच, विकायला कुणाला विचारायची गरज नाही.

विकताना कोणते नियम लागतात?

पहिला नियम रोखीचा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली, तर तेवढाच दंड बसू शकतो. त्यामुळे ३ लाखांचं घड्याळ "कॅशमध्ये करून टाकू" म्हणणाऱ्या व्यापाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

दुसरा मुद्दा कराचा. स्वतःच्या वापरातल्या वस्तू, म्हणजे कपडे, फर्निचर वगैरे, विकून नफा झाला तर त्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. साधं स्टीलचं घड्याळ यात बसतं. पण दागिन्यांना ही सूट नाही. त्यामुळे घड्याळ सोन्याचं किंवा हिरे जडवलेलं असेल, तर ते दागिना धरलं जाऊ शकतं. अशा वेळी सीएला विचारलेलं चांगलं.

तिसरा नियम खरेदीदाराशी संबंधित आहे. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळ विकताना दुकानदाराला ग्राहकाकडून १ टक्का टीसीएस घ्यावा लागतो. म्हणजे मोठ्या किमतीच्या घड्याळांच्या व्यवहाराची नोंद आता आयकर खात्याकडे जाते.

चौथा नियम जवाहरनगरसारख्या ठिकाणी सगळ्यात महत्त्वाचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९६४ चे आचरण नियम लागू आहेत. त्यातल्या नियम १८ नुसार, कर्मचाऱ्याने दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त किमतीच्या जंगम वस्तूचा व्यवहार केला, तर महिन्याभरात कार्यालयाला कळवावं लागतं. मूळ वेतन ६० हजार असेल, तर ही मर्यादा होते १ लाख २० हजार. ३ लाखांची विक्री त्याच्या बरीच वर गेली. म्हणजे भावाबहिणीपासून लपवलेली गोष्ट ऑफिसला मात्र लेखी सांगायची आहे.

आणि फर्स्ट कॉपी घेणं?

ट्रेडमार्क कायदा, १९९९ चा रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. खोटा ब्रँड लावून माल बनवणं, विकणं किंवा विक्रीसाठी जवळ ठेवणं यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. स्वतः घालायला एक घड्याळ घेणारा यात येत नाही. पण तेच घड्याळ त्याने पुढे "ओरिजिनल आहे" म्हणून विकलं, की तो विक्रेता झाला. त्यावर फसवणुकीचं कलम ३१८ वेगळं, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मुंबईत हाजी अलीजवळचं हिरा पन्ना शॉपिंग सेंटर या बाजारासाठी इतकं चर्चेत आलं की अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२१ च्या बदनाम बाजारांच्या यादीत त्याचं नाव टाकलं. आता मात्र फर्स्ट कॉपीसाठी मुंबई गाठावी लागत नाही, ती कुरिअरने भंडाऱ्यातही येते.

परदेशी जाताना मात्र सावध राहावं लागतं. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही ७ हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये सीमाशुल्क अधिकारी मनगटावरची नक्कल जप्त करून दंड करू शकतात.

'मुंबई स्पेशल' ही काय भानगड?

नक्कल म्हणजे पूर्ण खोटं घड्याळ, असं नेहमीच नसतं. जगभरातले जुन्या घड्याळांचे शौकीन 'मुंबई स्पेशल' हा शब्द वापरतात आणि तो कौतुकाने नाही.

एचएमटी, फाव्हर-लुबा, वेस्ट एंड ही आपल्याकडे घराघरात असलेली नावं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटींना भाव आला. बंद पडलेल्या घड्याळांची मशीन काढायची, डायल नव्याने रंगवायची, काटे तिसऱ्याच घड्याळाचे लावायचे, केसला पॉलिश मारायची आणि परदेशी ग्राहकाला ऑनलाइन विकायचं, असा धंदा चालतो. मशीन खरं, बाकी सगळं जुळवलेलं. हेच ते 'मुंबई स्पेशल'.

याचा जवाहरनगरच्या डबीशी संबंध असा, की महागड्या घड्याळातही सुटे भाग बदलता येतात. दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाची मूळ डायल किंवा मशीन बदललं गेलं, तर मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणूनच सर्व्हिसिंगला देण्याआधी झाकण उघडून मशीनचा आणि त्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवावा आणि पावतीवर तो नंबर लिहून घ्यावा.

घरच्या घरी ओळखता येतं का?

"खऱ्या रोलेक्सचा सेकंद काटा टिकटिक करत नाही, सरकत जातो," ही रील सगळ्यांनी पाहिलेली असते. ही खूण आता पुरेशी नाही. चांगल्या नकलेतही ऑटोमॅटिक मशीन असतं. तेही खऱ्यासारखंच सेकंदाला आठ ठोके देतं आणि काटा तसाच सरकतो. वजन, डबी, कार्ड, सगळ्याची नक्कल मिळते. खात्री करायची तर झाकण उघडून मशीन तपासावं लागतं आणि ते काम जाणकार घड्याळजीचं किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं.

मग एक ग्रॅम सोन्याचं काय?

खरे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आणि लग्नात एक ग्रॅमचा हार, हे तर आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात चूक काहीच नाही. मग घड्याळालाच वेगळा न्याय का?

फरक दोन आहेत. एक ग्रॅमच्या हारावर दुसऱ्या कुणाचा ब्रँड नसतो, तो आपल्याच नावाने विकला जातो. फर्स्ट कॉपीवर मात्र दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असतं. दुसरं म्हणजे, लॉकरमधला हार घरातच राहतो आणि घरच्यांना ते माहीत असतं. विकलेलं घड्याळ मात्र परत येत नाही.

खरी अडचण वीस वर्षांनी येते

समजा, दिवाळीत कुणाला काही कळलं नाही. पण ती डबी पुढे नातीकडे जाणार. तिला कधी पैशांची गरज पडली, की ती "आजोबांचं ओरिजिनल ओमेगा" म्हणून ते विकायला काढणार. व्यापारी झाकण उघडणार आणि नक्कल निघणार. तिचा हेतू वाईट नसल्यामुळे तो फसवणुकीचा गुन्हा ठरणार नाही. पण व्यवहार झालेला असेल, तर पैसे परत द्यावे लागतील, कारण वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, असं १९३० चा माल विक्री कायदा सांगतो. आणि बापाने कधी न सांगितलेली गोष्ट तिला दुकानाच्या काउंटरवर कळेल.

घड्याळाचा विमा असेल, तर आणखी एक पेच. विकलेल्या घड्याळाचा विमा चालू ठेवून पुढे नक्कल चोरीला गेल्यावर दावा करणं ही सरळ फसवणूक आहे.

या बाजारात कागदाला किती किंमत आहे, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसलं. क्रिकेटपटू हार्दिक पांड्या दुबईहून परतल्यावर मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने त्याच्याकडची घड्याळं ताब्यात घेतली. बातम्यांत ५ कोटींचा आकडा फिरला. हार्दिकने सांगितलं की किंमत सुमारे दीड कोटी आहे, वस्तू आपण स्वतःहून जाहीर केल्या आणि मागितलेली कागदपत्रं देत आहोत. एवढ्या महागड्या घड्याळाची गोष्टही शेवटी बिलावरच येऊन थांबली.

मग काय करावं?

- विकण्याआधी बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही काहीच नसण्यापेक्षा बरा.
- दोन-तीन ठिकाणी भाव काढावा, पैसे बँकेतून घ्यावेत, सिरियल नंबर लिहिलेली पावती ठेवावी.
- मूळ डबी, कार्ड आणि बिल घड्याळासोबतच द्यावं. त्यामुळे भावही चांगला येतो आणि घरात नकलेसाठी खरी डबी उरत नाही.
- सरकारी नोकरी असेल, तर महिन्याभरात कार्यालयाला कळवावं.
- मनगट रिकामं वाटत असेल, तर स्वतःच्या नावाने विकलं जाणारं साधं घड्याळ घ्यावं. वेळ तेही बरोबरच दाखवतं.

राहिला प्रश्न दिवाळीचा. "बाबांचं घड्याळ विकलं, पोरीची फी भरली," हे वाक्य भावाबहिणीसमोर बोलायला जड जाईल. कदाचित दोघं रागावतील, कदाचित आपला वाटा मागतील, कदाचित फीला हातभारही लावतील. पण तो विषय त्याच दिवशी घरात मिटेल, वीस वर्षांनी नातीला दुकानात उभं राहून त्याचं उत्तर द्यावं लागणार नाही.